गोलात उभं राहण्याचं काम

किस्से जमतात ते गोलकीपरकडंच! फॉरवर्डकडं नाही जमत. ती सारखी पळत असते, आणि पळणाऱ्या माणसाला दिसतं काय? समोरचा बॉल आणि मागची बाई. गोलकीपर मात्र मॅचमधला बहुतेक वेळ नुसती उभी असते. ऊन खात, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांकडं बघत. बघूनबघून माणूस थकतं, आणि थकलेल्या माणसाच्या डोक्यात गोष्टी साठत जातात, रांजणाच्या बुडाशी गाळ साठतो तशा.

आता मी बिलोलीकडच्या एका शाळेत पोरींना खेळ शिकवते. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "कौशल्या मॅडम, तुम्ही इंडियाकडून खेळलात म्हणे? सांगा की एखादा किस्सा!" माझे दोन्ही गुडघे गेलेत, उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, जिना चढायचा म्हटलं की आधी जिन्याकडं बघत उभी राहते. तोंड तेवढं चालू आहे अजून. तर घ्या चहा, आणि ऐका.

*

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि त्याच सुमाराला पाऊस रुसला होता. आमचं गाव देवणीकडचं. विहीर आटली, तसा बा गावात जनावरांपाशी थांबला आणि माय मला घेऊन लातूरला आली. नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, आणि नवी हापिसं म्हणजे बांधकाम. मायला एका इमारतीवर बिगारीचं काम लागलं. शाळा सुटली की मीपण तिथंच. माय खालून वीट फेकायची, मी वर बांबूच्या परांचीवर उभी राहून झेलायची आणि मागं गवंड्याच्या हातात द्यायची.

आमच्या शाळेत बिरादार सर खेळाचे मास्तर होते. मूळचे उदगीरचे, गडी कबड्डीचा. त्यांना वरून हुकूम आला, की आता आपला जिल्हा वेगळा, तेव्हा विभागाच्या स्पर्धेला प्रत्येक खेळात आपला संघ गेला पाहिजे. फुटबॉलमध्येही. मुलींचाही! सरांनी तोवर फुटबॉल लांबूनच पाहिला होता.

एकदा सर सायकलवरून बांधकामापाशी आले आणि एक पाय खाली टेकून वर बघत उभे राहिले. बराच वेळ. मग मायला म्हणाले, "पोरगी कुणाची ही?"

"माजी हाय. का वो?"

"फुटबॉल खेळंल का?"

"तिला जास्त पळता येत न्हाई, सर."

"पळायचं न्हाईच, बाई. गोलात उभं राहायचं. बॉल आला की धरायचा."

"कशाचा असतोय बॉल?"

"वरून चामडं. आत हवा."

माय हसायलाच लागली. "सर, ही इथं विटा झेलून राहिली. हवा झेलायला काय लागतंय!"

*

संघ जमवता जमवता सरांचा जीव मेटाकुटीला आला. सर चिडले की कन्नडमध्ये जायचे. आमच्यातल्या निम्म्या पोरींना कन्नड येत नव्हतं, त्यामुळं त्यांच्या शिव्या आम्हाला कधी लागल्याच नाहीत.

आमची फॉरवर्ड होती नसरीन. लातूरला मामूकडं शिकायला राहिलेली, आणि पायात बंदूकच! तिचे अब्बा उदगीरला शिलाईचं दुकान चालवायचे. पोरीला चड्डी घालून खेळावं लागणार, हे कळलं आणि ते पहिल्या गाडीनं लातूरला आले. "मेरी बच्ची टांगां दिखाको नै खेलती, सर. इज्जत का सवाल है!"

सरांनी हात जोडले. "मग चाचा, तुम्हीच सांगा काय घालायचं. न्हाई, सांगू नका. तुम्हीच शिवा!"

अब्बांनी गळ्यातली टेप काढली आणि अख्ख्या टीमचं माप घेतलं. खाकी कापड, गुडघ्याच्या खाली चार बोटं येईल अशी विजार, आणि गुडघ्यावर कापड दुहेरी. "पयले घुटनाच फटता," म्हणाले.

विभागाची मॅच नांदेडला होती, अब्बाही आमच्यासोबत आले होते. समोर शहरातल्या पोरी, पांढऱ्याशुभ्र हाफपँटी घातलेल्या. आम्ही मैदानात उतरलो आणि त्यांच्यातली एक म्हणाली, "अगं बाई, भजनी मंडळ आलं!" सगळ्या हसल्या. आम्ही खाली माना घातल्या.

मैदान कसलं, नुसता मुरूम! त्या पावसाळ्यात गवताचं पातं उगवलं नव्हतं. हाफटाइमला त्यांच्या निम्म्या पोरींचे गुडघे फुटलेले, आणि आम्ही सगळ्या धडधाकट. त्यांच्या मॅनेजरबाई अब्बांपाशी आल्या. हळूच विचारलं, "चाचा, असं शिवून मिळेल का?"

अब्बांनी चष्मा वर केला, टेप काढली. "पयले हंसना हो गया? चलो, अब लाइन में खडे रहो!"

*

ही पुढची गोष्ट लातूरची. राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती, निवड करणारे पाहुणे येणार होते. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून मैदानावर पाणी मारायला टँकर मागवला. आता त्या दिवसांत टँकर दिसला की लोक कुठून कुठून यायचे, देव जाणे. मैदानाशेजारच्या वस्तीतली सगळी माणसं घागरी, कळश्या, तेलाचे डबे घेऊन आली.

ड्रायव्हर ओरडला, "व्हा मागं! ग्राउंडचं पानी हाय ह्ये!"

एक बाई म्हणाली, "ग्राउंडला तहान लागली का रे, मुडद्या?"

ड्रायव्हर सरांकडं बघायला लागला. सर पाण्याच्या पाइपकडं बघायला लागले. त्यांच्यावर संघाची जबाबदारी, पाहुण्यांची जबाबदारी, आणि नोकरीपण कायम झाली नव्हती. कपाळाचा घाम पुसून ते म्हणाले, "मैदान उद्याबी मैदानच राहणार हाय. भरा!"

मॅच झाली. अशी धूळ उडाली, की पाहुण्यांनी तोंडाला रुमाल बांधले, आणि मी कोणाचा शॉट अडवला तेही त्यांना नीट दिसलं नसेल. पण खेळ सुरू व्हायच्या आधी एक म्हातारी तांब्या घेऊन सरळ माझ्या गोलात आली. शिपाई ओरडतोय, तिचं लक्ष नाही. दोन्ही खांबांच्या बरोब्बर मधी तिनं तांब्या रिता केला. म्हणाली, "तू सारखी पडत्यास म्हनं, माय. येवढं तुझ्यापुरतं."

मी मनात म्हटलं, आज पडायचं तर इथंच.

त्या ओल्या जागेवर मी दिवसभरात एकदाही पडले नाही. सगळे बॉल बाजूनंच आले!

*

राज्याच्या संघातून पुढं इंडियाच्या कँपला निवड झाल्याचं मला कळलं त्याची गंमत. सरांच्या शाळेत फोन नव्हता, म्हणून निरोप एका सरकारी हापिसात आला. आणि ते हापीस नेमकं मायनं बांधलेल्या इमारतीत! दुपारी शिपाई सायकल हाणत आमच्या झोपडीवर आला. धापा टाकत म्हणाला, "लवकर चला! सायबानं बोलावलंय. आत्ताच्या आत्ता!"

मायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"भिंत पडली का काय रं?"

"कसली भिंत?"

"वरच्या मजल्याची. मी मेस्त्रीला म्हनलं व्हतं, ह्या दुस्काळात भिंतीला पानी कमी पडून राहिलंय. कुनाला लागलं न्हाई ना?"

शिपाई म्हणाला, "मावशी, भिंतीला काय झालं न्हाई. तुमची पोरगी भारताच्या टीममधी गेली!"

माय मटकन खाली बसली. डोळे मिटले, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "वाचले! मला वाटलं, भिंतच पडली."

*

कँप पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. गाडीत रिझर्वेशन नाही, ट्रंकेवर बसून गेले. तिथं पोहोचल्यावर कळलं, की तिथल्या कुणालाच माझं बोलणं कळत नाही. बंगालच्या पोरी, केरळच्या पोरी, मणिपूरच्या पोरी. जेवायला तिन्ही वेळ भात. मी आठवडाभर भाकरीच्या आठवणीनं रडले, तेही कुणाला कळलं नाही. त्यांना वाटलं, बोट दुखतंय.

आता गोलकीपरचं निम्मं काम हाताचं, निम्मं तोंडाचं. मागून ओरडायचं असतं, तू इकडं हो, तिला धर. इंग्रजीत ओरडायचं तर आधी वाक्य जुळवायला पाहिजे. वाक्य जुळवेपर्यंत गोल व्हायचा! शेवटी मी वैतागले आणि आपल्या भाषेतच सुरू केलं. "सरक! अगं माय, सरक की! लई गॅप हाय!"

माझ्या पुढं स्टॉपरला, म्हणजे गोलापुढं बचावाला, मणिपूरची एक पोरगी असायची. अंगानं बारीक, पण भिंत. तिचं नाव मला नीट म्हणता यायचं नाही, माझं तिला. पण तिनं बरोब्बर पकडलं, मी 'सरक' म्हटलं की बाजूला व्हायचं, 'धर' म्हटलं की अंगावर जायचं. कोचनं एक दिवस पोरींसाठी ठेवलेल्या दुभाष्याला विचारलं, ही काय बोलते? दुभाष्या म्हणाला, "सर, मालूम नहीं. लेकिन काम कर रहा है!"

पुढं आम्ही परदेशात गेलो. विमानतळावर ही लांबलचक रांग, आणि एक उंचपुरा गोरा माणूस भली मोठी बॅग घेऊन मधीच उभा. सगळे त्याला एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी करताहेत, तो हलेना. आमची मणिपूरची स्टॉपर पुढं झाली, त्याच्या पाठीवर बोट टोचलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सरक, माय!"

सरकला की!

*

इंडियाची एक नंबरची गोलकीपर होती कलकत्त्याची एक सीनियर. आम्ही तिला दीदी म्हणायचो. दीदी कधी आजारी पडायची नाही, तिला कधी लागायचं नाही, ती कधी थकायची नाही. दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरचं आयुष्य म्हणजे दुसऱ्याच्या तब्येतीची खबर ठेवणं! वाईट चिंतायचं नाही, पण विचारायचं तर रोज. "दीदी, कशी आहेस?" ती म्हणायची, "एकदम बढिया." मी म्हणायची, "बरं झालं." आणि जाऊन बाकावर बसायची.

एकदा मात्र दीदीच्या अंगठ्याला लागलं. मॅच आपल्याच देशात होती, समोर परदेशी टीम. कोचनं माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते समोर आलं, आणि मनात आलं काय? बाकच बरा होता!

चार गोल झाले. दोन असे होते, की देवालाही अडवता आले नसते. उरलेले दोन मला अडवता आले असते. तेच अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून ट्रंक कॉल लावला. सर तिकडं लातूरच्या पोस्टात ताटकळत बसलेले. लाइन लागली, खरखर नुसती. सर ओरडले, "कौशल्या! खेळलीस का?"

"खेळले, सर!"

"किती खाल्लेस?"

"चार, सर."

"मोठ्यानं बोल!"

"चार खाल्ले, सर!" अख्खं पोस्ट माझ्याकडं बघायला लागलं.

सर सावरून म्हणाले, "पहिल्या हाफमध्ये किती?"

"तीन."

"मग दुसऱ्यात एकच की! कमी खाल्लेस. चांगलंय."

तेवढ्यात मधून तिसराच आवाज आला. एक्स्चेंजचा ऑपरेटर! त्याला राहवलं नाही. "सायेब, पोरगी परक्या गावात हाय. पोटभर खाऊ द्या की तिला!"

*

परदेश दौऱ्यावरून आले तेव्हा लातूरला माझा सत्कार झाला. मंडप, हार, शाल, लाउडस्पीकर. खरं सांगायचं तर त्या दौऱ्यात मी एक मिनिटही खेळले नव्हते. दीदी होती ना, एकदम बढिया! पण हे सांगायला मला कुणी माइक दिला तर ना. प्रमुख पाहुणे एक पुढारी होते. उभे राहिले आणि सुटलेच. "आपल्या नव्या जिल्ह्याच्या या कन्येनं सातासमुद्रापार जाऊन गोलावर गोल ठोकले! गोलावर गोल!"

टाळ्यांचा कडकडाट. बिरादार सरांनी डोकं धरलं. मी शालीत तोंड लपवलं. आणि भेट म्हणून मला काय दिलं असेल? पाण्याचा हंडा. त्यातल्या त्यात तीच कामाची गोष्ट!

घरी येताना हंडा मायच्या डोक्यावर, हार माझ्या हातात. अर्ध्या रस्त्यात माय म्हणाली, "कौशे, तू गोल आडवायला गेलतीस का करायला?"

"आडवायला."

"मंग ह्ये काय बोलून राहिले?"

"बोलू दे, माय."

"आन् आडवले का?"

"न्हाई. खेळवलंच न्हाई मला. बाकड्यावर बसून होते."

"सारे दिवस?"

"सारे दिवस."

मला वाटलं, आता रडेल. मायनं हंडा सारखा केला आणि म्हणाली, "बरं झालं. परदेशात का व्हईना, बसाया तरी मिळालं. हितं कुटं बसाया मिळतंय!"

*

तुम्ही म्हणाल, इंडियाकडून खेळलीस म्हणजे नोकरी दारात आली असेल. कँप संपला की इंडियाचा ब्लेझर ट्रंकेत, आणि मी परत परांचीवर. मुकादम बदलला होता. नव्या मुकादमाला कुणीतरी सांगितलं, की ही भारताची गोलकीपर आहे. त्यानं लई मान दिला. दुसऱ्या दिवसापासून एकाच्या जागी दोन-दोन विटा फेकायला लावल्या!

मग बिलोलीकडच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली. मी ब्लेझर घालून मुलाखतीला गेले. एप्रिलचा महिना, एसटीत घामानं चिंब झाले, पण काढला नाही. हेडमास्तरांनी माझी सगळी सर्टिफिकिटं बघितली. एकदा बघितली, परत बघितली. मग चष्म्यावरून म्हणाले, "राष्ट्रीय दिसतंय. राज्य दिसतंय. जिल्हा दिसतोय. तालुका पातळीचं कुठाय?"

"सर, आमच्या तालुक्यात पोरींचा संघच नव्हता. मी एकदम जिल्ह्यालाच खेळले."

"असं कसं? खालची पायरी नसताना तुम्ही एकदम वर कशा गेलात?"

मी दमले होते. ब्लेझर टोचत होता. तोंडातून निघून गेलं, "परांचीवरून, सर!"

नोकरी मिळाली नाही, हे काय सांगायला पाहिजे?

पुढं त्याच शाळेत मी लागले म्हणा. तोवर ते हेडमास्तर रिटायर झाले होते आणि माझं खेळणंही संपलं होतं. पण मधी बरंच काही झालं.

*

त्या मधल्या दिवसांतला हा शेवटचा किस्सा.

नसरीनचं लग्न निजामाबादला झालं. म्हणजे आपल्या देगलूरच्या पलीकडं, दुसऱ्या राज्यात. सोयरीक ठरताना अब्बांनी मुलाकडच्यांना तोंडावर विचारलं होतं, "शादी के बाद खेल बंद करानेवाले रहे तो आजिच बोल दो. चाय पीको उठ जाते हम." मुलगा भला होता, म्हणाला, खेलने दो. लग्नानंतर नसरीन तिकडच्या राज्याच्या टीममधून खेळायला लागली. आमची गाठ पडणं बंद झालं.

मग एक वर्ष राष्ट्रीय स्पर्धेत सेमीफायनलला आमच्यासमोर त्यांचंच राज्य आलं. फायनलला गेलो तर पदक पक्कं. पदक असलं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज करता येईल, असं बिरादार सर म्हणाले होते. माझ्या गुडघ्यांनी तोवर राजीनामा द्यायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षी खेळेन की नाही, खात्री नव्हती. माय पण आता वीट वर फेकताना दोनदा थांबायची.

मॅचच्या दिवशी सकाळी नसरीन आमच्या मुक्कामावर आली. हातात डबा. उघडला तर ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी! मला तिन्ही वेळ भात चालत नाही, हे त्या अख्ख्या स्पर्धेत तिलाच ठाऊक. ती बघत बसली, मी खात बसले.

"नौकरी का क्या हुआ गे तेरा?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. हेडमास्तरांचं सांगितलं, तशी ती पोट धरून हसली. मग पदकाचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, मायचं सांगितलं. तेव्हा नाही हसली. डबा पुसला, झाकण लावलं आणि "चल, मिलते," म्हणून गेली.

मॅच शेवटपर्यंत शून्य-शून्य. नसरीनचे दोन शॉट मी बाहेर काढले. तिसरा तिनं खांबावर मारला. पेनल्ट्या लागल्या, त्यातही बरोबरी. मग एकेकीची पाळी आली. आमच्या पोरीनं बॉल आडव्या दांडीवर मारला, हुकला. आता त्यांची पाळी. हा गोल झाला की आम्ही घरी. अडवला तर पुन्हा आशा.

बॉल घेऊन कोण आलं? नसरीन.

तिची पेनल्टी मला पाठ होती. लातूरच्या मुरमावर रोज संध्याकाळी तिनं मारायची आणि मी अडवायची, अशी वर्षं गेली होती. नसरीनची पेनल्टी म्हणजे कायम माझ्या डाव्या हाताला, खाली, खांबाला चाटून. सगळं जग इकडचं तिकडं झालं तरी तिचा पाय तिकडंच वळणार.

तिनं बॉल ठेवला. मग बॉलपुढचा खडा उचलायचा म्हणून वाकली आणि खडा फेकायच्या निमित्तानं पार माझ्या जवळ आली. माझ्याकडं न बघता, ओठ न हलवता म्हणाली, "कौशे, तेरे सीधे हात कू मारतूं."

सीधा हात, म्हणजे उजवा.

ती मागं गेली. बाजूला तिचा नवरा उभा होता, अब्बा खास उदगीरहून आले होते, तिची सगळी टीम एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. मी दोन्ही हात पसरले. मनात म्हटलं, बाई फॉरवर्ड आहे. समोरच्या टीमची आहे. मला फसवून राहिली, दुसरं काय?

शिट्टी झाली. ती पळत आली. मी डावीकडं उडी टाकली.

बॉल उजवीकडं गेला. सरळ, जमिनीलगत आणि इतका हळू, की शाळेतल्या लहान पोरीनंही वाकून उचलला असता. मी पडल्या पडल्या मान वळवून बघत होते, आणि तो आपला रमतगमत रेषेपलीकडं गेला.

त्यांच्या पोरी आरडाओरडा करत नसरीनच्या अंगावर धावल्या. तिनं एकीला ढकललं, दुसरीचा हात झटकला आणि सरळ माझ्या गोलात आली. जाळीतला बॉल उचलला आणि माझ्या शेजारी जमिनीवर दाणकन आपटला. तिचे डोळे भरून आले होते.

"बोली थी ना मैं!" ती ओरडली. "बोली थी ना तेरे कू!"